मोठ्या रेकॉर्डवरचं तिसरं कडवं

त्या गाण्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही वाचता वाचता ते गुणगुणायला लागाल, आणि मला ते आता नकोय. एवढंच सांगते की जुन्या मराठी सिनेमातलं गाणं आहे, माझ्या जन्माच्या आधीचं, आणि लेक सासरी निघते तेव्हाचं आहे. आमच्या भागात एका काळी ते वाजल्याशिवाय कुठलीच पोरगी मांडवाबाहेर पडली नाही. रडायला कधी लागायचं आणि डोळे कधी पुसायचे, हेसुद्धा बायका त्या गाण्यावरून ठरवायच्या.

ते गाणं वाजवायचे माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. पिंगळीला आमची थोडी शेती होती, पण आण्णांचा जीव शेतीत कधी रमला नाही. त्यांनी कुठून तरी रेकॉर्ड वाजवायचं जुनं मशीन, एक बॅटरी आणि दोन भोंगे आणले आणि लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला सुरुवात केली. पार गंगाखेडपासून येलदरीच्या अंगापर्यंत लोक बोलवायचे. भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे, मशीन खाटेवर ठेवायचं आणि आण्णा शेजारी पांढरं धोतर सावरत बसायचे. नवरदेवापेक्षा त्यांचाच थाट जास्त असायचा.

गाण्याची लहान रेकॉर्ड होती, काळी, जाड, पडली तर फुटणारी. एका बाजूला मावेल तेवढंच गाणं, म्हणजे दोन कडवी. पहिल्यात अंगण आणि तुळस, दुसऱ्यात धाकटी भावंडं. दुसरं कडवं सरलं की सुई खरखरायची, जीपच्या चाकाखाली नारळ ठेवलेला असायचा तो फुटायचा आणि गाडी हलायची. हा रिवाज कुणी ठरवला नव्हता, पडून गेला होता. गाणं चालू आहे तोवर ड्रायव्हर गाडी हलवत नसे. वरपक्षाची माणसं घड्याळ बघून कावायची, पण गाणं मध्ये तोडा म्हणायची हिंमत कुणाची नव्हती. तेवढा वेळ पोरगी अजून माहेरची असायची.

त्या रेकॉर्डला दुसऱ्या कडव्यात एक चरा होता. तिथं सुई अडकायची आणि गाणारी बाई एकच शब्द परत परत म्हणत राहायची. आण्णा बोटानं हळूच पुढं ढकलायचे. बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की घरी भाकरी करताना हे गाणं म्हटलं तरी त्या तिथं अडकूनच पुढं जायच्या. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं गाणं असंच आहे. आणि आण्णांची एक गंमत फक्त आम्हा घरच्यांना माहीत होती. एखादी पोरगी आईच्या गळ्यातून सुटतच नसली, तर ते सुईला लवकर हात लावत नसत. फिरू द्यायचे तिथंच. लोक म्हणायचे, भोंगेवाल्याला झोप लागली वाटतं.

पुढं परभणीच्या बाजारात मोठी रेकॉर्ड आली, सिनेमातल्या सगळ्या गाण्यांची. आण्णांनी हौसेनं आणली आणि घरी लावली. तेव्हा आम्हाला कळलं की गाण्याला तिसरं कडवं पण आहे. सिनेमात ते असणार, लहान रेकॉर्डवर मावलं नव्हतं एवढंच. त्या कडव्यात आई उंबऱ्यात दिवा घेऊन बसलेली आहे, लेकीची वाट बघत, आणि लेक येत नाही, लेकीची खबर येते. कसली खबर ते सांगायची गरज नाही. बाईनं ते म्हटलंय मात्र असं, की अंगावर काटा येतो. आई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, ही अवदसा घरात ठेवू नका. आण्णांनी ती रेकॉर्ड फेकली नाही, पेटीच्या तळाला ठेवून दिली. लग्नात ती लावायची नाही हे न सांगता ठरलं. पोरगी वाटं लावताना असलं कडवं कोण लावील? वैरी पण लावणार नाही.

आणि अक्काच्या लग्नात, त्यांच्या स्वतःच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, आण्णांनी तीच मोठी रेकॉर्ड लावली.

मी सातवीत होते. अक्काला राणीसावरगावला दिली होती, आईच्या माहेरी, सख्ख्या मामाच्या घरात. स्थळ आईनंच जमवलं होतं. घरातल्या घरात पोरगी जाणार, मामीच सासू, बिनघोर झालं सगळं, असं ती गावभर सांगत फिरली होती. जीप लागली, नारळ ठेवला, अक्का बायकांच्या गराड्यात. दोन कडवी झाली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि भोंग्यातून तिसरं कडवं सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग बायका एकेक करून गप्प झाल्या. आई मांडवातून ओरडली, "बंद करा ते, बंद करा म्हणते ना." आण्णा मशीनजवळ उभे होते. त्यांनी सुईला हात लावला नाही. पूर्ण कडवं वाजलं, ड्रायव्हरनं रिवाजाप्रमाणं गाडी बंद करून ते ऐकून घेतलं, आणि मगच नारळ फुटला.

अक्का पहिल्या बाळंतपणात गेली. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं होतं, आण्णा दुसऱ्या दिवशी निघणारच होते, त्याच्या आधी निरोप आला. बाळ पण राहिलं नाही. संध्याकाळची वेळ होती आणि आई खरंच उंबऱ्यात बसलेली होती, हातात दिवा नव्हता एवढंच. निरोप घेऊन आलेल्या माणसाकडं तिनं बघितलंच नाही. ती वळून आण्णांना म्हणाली, "झालं तुमचं गाणं वाजवून?"

त्यानंतर आईनं आण्णांना टाकलं नाही, की माहेरी गेली नाही. संसार केला, मला मोठी केली, लग्न करून दिलं. पण आण्णांच्या हातात तिनं परत कधी ताट दिलं नाही. वाढायची, ताट त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवायची आणि सरकवायची. त्यांनी पाण्यासाठी हात पुढं केला तरी तांब्या खालीच ठेवायची. पाहुण्यांना वाटायचं जुन्या वळणाची बाई आहे. मला माहीत होतं ते काय आहे. आण्णांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही, एका शब्दानं नाही. भोंगे विकले, मशीन विकलं. माझ्या लग्नात भोंगाच नव्हता. गाडी कधी हलली ते मला कळलंसुद्धा नाही.

गाणं मात्र मेलं नाही हो. ते कुणाच्या बापाला ऐकतं? कॅसेट आल्या, तर नव्या बाईच्या आवाजात आलं, मागं टिकटिक वाजणारं यंत्र. बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर घेतलं. मूळची गाणारी बाई म्हातारपणी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ते परत गायली, दम लागत होता, वरचा सूर पोहोचत नव्हता, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मग एका लहान पोरीनं स्पर्धेत म्हटलं आणि परीक्षक रडले. आता तर त्याला ढोल लावून नाचायचं केलंय. दर वेळी आई उठून आत जायची. लग्नात असली तर जेवण टाकून निघायची. मी पण तिच्याबरोबर निघायची, आणि मनातून आण्णांना शिव्या द्यायची. मी मुळात तापट आहे. मला वाटायचं, चुकलं तर चुकलं म्हणा की, माफी मागा, हे तोंड शिवून बसणं काय कामाचं?

आता आई अंथरुणाला आहे. पाय घसरून पडली, खुबा मोडला, आणि पडल्यापासून तिचं डोकं मागं मागं जायलंय. माझी मुलं पुण्याला, नवरा परभणीत आपला स्वयंपाक करून घेतो, मी पिंगळीला येऊन राहिलेय. दिवसा ती बरी असते. मला ओळखते, भाजीत मीठ कमी आहे म्हणते. दिवे लागले की तिला वाटतं आज अक्काचं लग्न आहे आणि जीप दारात येऊन उभी आहे. तोंड मिटून घेते, घास घेत नाही. "गाणं लावू नगा म्हणावं त्यायला," एवढंच घोकत राहते. आण्णा उंबऱ्यापाशी काठी घेऊन बसलेले असतात, ते आत आले की भिंतीकडं तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले होते, पोटात जाईल तेवढेच दिवस निघतील.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत लग्न होतं. वरात संध्याकाळी आमच्याच रस्त्यानं निघाली आणि त्या डीजेवाल्यानं ते ढोल लावलेलं गाणं लावलं. भिंती हादरायला लागल्या. आई अंथरुणात उठून बसायला बघायली, मोडक्या खुब्यानं. आण्णा काठी टेकत बाहेर गेले, हात जोडले, त्या पोरांनी त्यांना गुलाल लावून परत पाठवलं. मी खिडक्या लावून घेतल्या. वरात गेली तरी आईची थरथर थांबेना.

तेव्हा आण्णा मला म्हणाले, फोनवर ते लहान रेकॉर्डवालं सापडतं का बघ. त्यांच्या मनात होतं, आईला दोन कडव्यांचं गाणं ऐकवावं, तिसरं न येता ते संपलेलं तिला कळावं, म्हणजे जीव शांत होईल. मी शोधायला बसले. नव्या बाईचं निघालं, आण्णा म्हणाले हे नव्हे. क्लॅरिनेट निघाली, हे नव्हे. म्हातारपणीचं निघालं, ते मात्र ते सगळं ऐकत राहिले आणि म्हणाले, बाई थकली गं. शेवटी कुण्या हौशी माणसानं लहान रेकॉर्ड फिरताना दाखवून टाकलेलं सापडलं, खरखरीसकट. दुसऱ्या कडव्यातल्या त्या जागेवर मी श्वास धरला, पण त्याच्या रेकॉर्डला चरा नव्हता. बाई सरळ पुढं निघून गेली. मला ते चुकल्यासारखंच वाटलं.

गाणं संपलं आणि आईनं टाहो फोडला. गाणं सरलं, आता गाडी निघणार, पोरगी चालली. आम्ही दोघंही हे विसरलो होतो.

तिला झोप लागल्यावर मी आण्णांवर घसरले. त्यांचं तोंड पुसताना पदराला लागलेला गुलाल झटकत म्हटलं, आता तरी सांगा, तुमची बुद्धी कुठं गेली होती त्या दिवशी? ती रेकॉर्ड पेटीच्या तळाला होती, चुकून हाताला लागायची नव्हती. आण्णांनी काठी बाजूला ठेवली. मग सांगितलं. त्या दिवशी सकाळी हळद लागायच्या आधी अक्का त्यांच्याकडं आली होती. पेटीतून तिनंच रेकॉर्ड काढून आणली होती. ती म्हणाली, आण्णा, आज ही लावा, ही लांब हाय. गाणं सरंस्तोवर तर मला कुणी नेणार न्हाई ना.

आण्णा म्हणाले, तिला विचारलं, बाई, तुझ्या मनात न्हाई का? तर म्हणाली, आईनं शब्द दिलाय, जाते मी, पण थोडं लांबवा. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात सुईपर्यंत नेला होता. अक्का जीपमधून त्यांच्याकडंच बघत होती. त्यांचा हात पुढं सरकला नाही.

मला रडू आलं आणि राग पण आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, आणि हे तुम्ही आईला सांगितलं नाही? जन्मभर जमिनीवरून ताट उचललंत? आण्णा म्हणाले, "तिच्या म्हायेरी दिली होती पोरगी. तिला कसं सांगू, लेकीला जायचं न्हवतं म्हून? मेली असती ती. माझ्यावर राग हाय तर हाय, जगली तर हाय की."

मी उठले आणि आईचं पांघरूण सारखं करत बसले.

दोन-तीन संध्याकाळी तशाच गेल्या. आईनं पाणीसुद्धा घेणं सोडलं. मग एके दिवशी दिवे लागायच्या वेळी आण्णांनी माझा फोन मागून घेतला आणि म्हणाले, मोठ्या रेकॉर्डचं लावून दे. मी म्हटलं, आण्णा, नको. म्हणाले, लाव. ते आईच्या अंथरुणापाशी जाऊन बसले, फोन उशाशी ठेवला. दोन कडवी झाली, आईनं डोळे घट्ट मिटले. तिसरं सुरू झालं तशी ती म्हणाली, बंद करा. आण्णांनी तिचा हात धरला. मी त्यांना तिचा हात धरताना या आधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "अगं, तिनंच सांगितलं होतं लांबवा म्हून. थोडं आणखी राहायचं होतं तिला आपल्यापाशी." एवढंच. जायचं नव्हतं, हे त्यांनी तेव्हाही गिळलं.

उंबरा, दिवा, सगळं फोनमधून वाजत होतं. आई डोळे उघडून छताकडं बघत राहिली. मला वाटलं तिच्यापर्यंत पोहोचलं नाही. मग ती स्वच्छ आवाजात, दिवसा बोलते तशी बोलली.

"मला दिसायलं होतं की. तिच्या मनात न्हवतं. आठ दिस जेवली न्हवती पोरगी. मी भावाला शब्द दिला होता."

आण्णांनी मान खाली घातली. आई पुढं म्हणाली, "गाण्यावर न्हाई ढकलू तर कुठं ढकलू हो? मी काय करू?"

गाणं संपलं तरी तिनं गाडीचं विचारलं नाही. मी वाटीत पेज घेऊन आले तर आण्णांनी वाटी माझ्याकडून घेतली. आईनं त्यांच्या हातून खाल्ली, अर्धी वाटी. नंतर ती वाटी तिनं दोन्ही हातांत धरली आणि त्यांच्या हातात दिली. खाली ठेवली नाही. आण्णा ती वाटी घेऊन तसेच बसून राहिले, मला घासायला देईनात. मी आत जाऊन मनसोक्त रडले, अक्कासाठी आणि या दोघांसाठी.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. किती वेडी मी.

सकाळी मी चहा घेऊन गेले. आण्णा माझ्या मागं मागं आले, दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला. आईनं त्यांना बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हणाली, "त्यायला बाहीर जायला सांग. त्यायच्या गाण्यानं माझी लेक नेली."

तिला रात्रीतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला सहन झालं नाही. मी कप खाली ठेवला, म्हटलं, आई, काल तूच म्हणालीस, अक्काच्या मनात... आणि आण्णांनी मागून माझा दंड धरला, म्हातारपणी हातात एवढा जोर कुठून येतो कोण जाणे. त्यांनी मला दाराबाहेर आणलं.

"गप बस, माय," ते म्हणाले. "गाण्यावरच राहू दे."

मग त्यांनी आत जाऊन आईचा चहा तिच्या उशाशी जमिनीवर ठेवला, थोडा तिच्याकडं सरकवला, आणि उंबऱ्यात येऊन बसले.